जीवाणू सोनं 'तयार' करत नाहीत: गलाईवाल्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्यांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगतो. शास्त्रज्ञांना म्हणे एक जीवाणू सापडला आहे. तो विष खातो आणि २४ कॅरेट सोनं विष्ठेवाटे बाहेर टाकतो. तांब्याचंही सोनं करतो. शेतातल्या मातीत किंवा नदीच्या वाळूत सोडला तर सोनं गोळा करून देतो. परदेशातल्या खाणी हे गुपचूप वापरतात. दोन-चार वर्षांत सोनं कवडीमोल होणार आणि गलाईचा धंदा बुडणार. शेवटी एक फोन नंबर आणि जीवाणूंचं 'कल्चर' (वाढवलेले जिवंत जीवाणू) घरपोच मिळेल अशी सूचना.

हा मेसेज पाठवणारी माणसं अडाणी नाहीत. दुष्काळी पट्ट्यातून उठून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ज्यांनी गलाईची दुकानं उभी केली, ज्यांना डागाला नुसता हात लावून कस सांगता येतो, अशी आपलीच माणसं आहेत. माझ्या घरातल्या दोन पिढ्या याच धंद्यात गेल्या आणि मी स्वतः रसायनशास्त्र शिकलो, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज सगळाच खोटा असता तर तो चार दिवसांत विरला असता. त्यात खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांच्या आधाराने खोटं उभं केलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'जीवाणू सोनं तयार करतो, तांब्याचंही सोनं करतो'

सोनं हे मूलद्रव्य आहे. त्याच्या अणूच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. तांब्याच्या केंद्रकात २९, जस्ताच्या ३०, शिशाच्या ८२. तांब्याचं सोनं करायचं तर केंद्रकात ५० प्रोटॉन वाढवावे लागतील. जीवाणू असो, झाड असो की माणसाचं यकृत, सजीवाच्या शरीरात जे रसायन चालतं ते अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरतं असतं. इलेक्ट्रॉन द्यायचे, घ्यायचे, वाटून घ्यायचे. केंद्रकापर्यंत यातलं काहीच पोचत नाही, कारण तिथे हात घालायला लागणारी ऊर्जा रासायनिक क्रियेच्या लाखो पट असते.

मूलद्रव्य बदलता येतच नाही असं मात्र नाही. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरच्या सर्न प्रयोगशाळेत 'अ‍ॅलिस' नावाचा प्रयोग चालतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मोजमाप जाहीर केलं. शिशाची केंद्रकं प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ नेऊन एकमेकांना घासून जाऊ दिली, तेव्हा काहींमधून तीन प्रोटॉन निसटले आणि क्षणभर सोन्याचं केंद्रक उरलं. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८६ अब्ज केंद्रकं झाली. आकडा मोठा वाटतो, पण त्यांचं एकूण वजन २९ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले २९ उचला, तेवढं. तेही सेकंदाच्या बारीकशा अंशापुरतं टिकलं. २७ किलोमीटर घेराचं यंत्र चालवून हाती हे लागतं. जे काम त्या यंत्राला इतकं जड जातं, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा जीवाणू गढूळ पाण्याच्या बाटलीत करेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायला एकही कारण नाही.

मग जीवाणू करतो तरी काय? हे गलाईवाल्याला समजावणं सगळ्यात सोपं आहे, कारण तेच काम तो स्वतः करतो. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळवलं की त्याचं पिवळं-केशरी पाणी होतं. सोन्याच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, तो आता क्लोराइडच्या संगतीने पाण्यात फिरतो. त्या पाण्यातलं उरलेलं नायट्रिक आपण उडवून लावतो किंवा युरिया टाकून मारतो, कारण ते शिल्लक असेल तर सोनं बसत नाही. मग हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, टाकतो. हिराकशीतलं लोखंड सोन्याला त्याचे इलेक्ट्रॉन परत देतं आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत आटवलं की लगड. या सगळ्यात सोनं कुठे तयार झालं? कुठेच नाही. ते पाण्यात होतंच, पुन्हा धातू झालं इतकंच. जीवाणूही नेमका हाच इलेक्ट्रॉनांचा व्यवहार करतो. हिराकशीच्या जागी त्याच्या पेशीतली प्रथिनं आणि त्याने बाहेर सोडलेले रेणू असतात.

म्हणून हिशेब साधा आहे. पाण्यात एक ग्रॅम सोनं विरघळलेलं असेल तर जगातला कोणताही जीवाणू जास्तीत जास्त एक ग्रॅमच खाली बसवेल, आणि प्रत्यक्षात थोडं कमीच. जात्यात जोंधळा टाकलाच नाही तर पीठ पडायचं नाही.

'विष खातो आणि २४ कॅरेट सोनं बाहेर टाकतो'

हा तुकडा कुठून आला ते सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात २०१२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ काझेम काशेफी आणि कलावंत अ‍ॅडम ब्राउन यांनी मिळून एक मांडणी केली. काचेच्या भांड्यात 'क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स' हा जीवाणू ठेवला, त्याला गोल्ड क्लोराइडचं द्रावण दिलं आणि आठवडाभरात भांड्यात सोनं जमलं. ते प्रदर्शनात ठेवलं गेलं. म्हणजे ही मुळात कलाकृती होती, कारखान्याचा नमुना नव्हे. मोठ्या प्रमाणावर हे करणं खर्चाला परवडणारं नाही, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. जगभरच्या बातम्यांनी 'विष', 'जीवाणू' आणि '२४ कॅरेट' हे तीन शब्द उचलले आणि हे वाक्य मागेच राहिलं.

आता त्या विषाकडे बघा. ते विष म्हणजे गोल्ड क्लोराइड. त्याच्या नावातच सोनं आहे आणि ते बनतंही सोन्यापासूनच, सोनं विरघळवून. साध्या ऑरिक क्लोराइडच्या वजनात सुमारे ६५ टक्के सोनं असतं. म्हणजे बाजारातून शुद्ध सोनं घ्यायचं, ते विरघळवायचं, जीवाणूला द्यायचं आणि तेच सोनं थोडी घट धरून परत घ्यायचं. कारखान्यातून वाहून जाणारं कुठलंही विषारी पाणी घेतलं तर त्यातून सोनं निघेल, हा अर्थ त्या प्रयोगातून निघत नाही. साखर कारखान्याच्या मळीत सोनं नाही, कातडी कमावणाऱ्या कारखान्याच्या क्रोमियमच्या पाण्यात नाही, बॅटरीच्या आम्लात नाही. तिथे कोणताही जीवाणू सोडला तरी सोनं येणार नाही.

विष 'खातो' हेही चुकीचं आहे. सोनं हे त्याचं अन्न नाही. तो सेंद्रिय पदार्थांवर किंवा हायड्रोजनवर जगतो. सोन्यापासून तो जीव वाचवत असतो, आणि ते कसं याची गोष्ट खरोखर सुंदर आहे. ती पुढच्या मुद्द्यात येईल.

२४ कॅरेटविषयी एवढंच: द्रावणात सोन्याशिवाय दुसरा धातू नसेल तर जे बसेल ते शुद्ध असणारच. हिराकशीनेही आपण ९९९ च्या, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध सोन्याच्या, जवळ जातो. त्यात जीवाणूची खास करामत नाही. शिवाय जीवाणूंनी बसवलेलं सोनं बहुतेकदा डोळ्यांना पिवळं दिसतच नाही. ते नॅनोमीटरच्या मापाच्या कणांत असतं आणि सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तांबडे-जांभळे दिसतात. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याच्या अशाच लाल द्रावणावर काम केलं होतं. आपल्या हिराकशीच्या भुकटीलाही आटवेपर्यंत सोन्याची झळाळी येत नाही. म्हणून मेसेजसोबतच्या व्हिडिओत बाटलीच्या तळाशी चमचमणारे पिवळे दाणे दिसत असतील तर आधी संशय घ्या.

'हे सगळंच थोतांड आहे'

पहिल्या मेसेजला उत्तर म्हणून काही जण हेही पाठवतात: जीवाणूचा आणि सोन्याचा संबंधच नाही, सगळी बनवाबनवी. हेही तितकंच चूक आहे आणि मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण यात खरं विज्ञान वाहून जातं.

हा क्युप्रियाव्हिडस जीवाणू पहिल्यांदा सापडला तो सोन्याच्या खाणीत नव्हे. १९७६ मध्ये बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या निवळणी टाकीतल्या गाळात तो मिळाला. जस्त, कॅडमियम, तांबं, निकेल, पारा अशा धातूंनी भरलेल्या चिखलात, जिथे बाकीचे जीवाणू मरतात, तिथे हा आरामात नांदत होता. जड धातू पेशीबाहेर फेकणारे इतके पंप फार थोड्या सजीवांकडे असतात. पुढे फ्रँक राइथ या संशोधकाने ऑस्ट्रेलियातल्या दोन खाणींमधले, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेतल्या आणि क्वीन्सलंडच्या उत्तरेतल्या, सोन्याचे नैसर्गिक कण तपासले. त्यांच्या पृष्ठभागावर जीवाणूंचा पातळ थर होता. ज्या ज्या कणांवर डीएनए सापडला त्या प्रत्येकावर याच जीवाणूशी ९९ टक्के जुळणारा माग निघाला आणि शेजारच्या मातीत मात्र तो निघाला नाही. हा शोध २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. एवढी माती आजूबाजूला असताना हा जीवाणू सोन्याच्याच कणावर का बसतो?

उत्तर असं की धातूरूपातलं सोनं निर्धोक असलं तरी विरघळलेलं सोनं पेशीला घातक आहे. मातीत सोनं अगदी किंचित विरघळतं. सल्फाइड खनिजं कुजताना बनणारं थायोसल्फेट, खाऱ्या भूजलातलं क्लोराइड, वनस्पती, बुरशा आणि काही जीवाणूंनी सोडलेलं सायनाइड, अशांनी ते पाण्यात उतरतं. मग ते प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. सोन्याच्या कणाभोवती अशा पाण्याचा पातळ थर असतो. तिथे ज्याला जगता येतं त्याला स्पर्धक कमी.

२००९ मध्ये राइथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सोन्याचं द्रावण दिलं की हा जीवाणू ते पेशीत साठवतो, ताणाला तोंड देणारी आणि धातू हाताळणारी जनुकं जागी होतात आणि शेवटी पेशीजवळ धातूचे बारीक कण दिसू लागतात. जर्मनीतल्या हाले विद्यापीठात डीट्रिश नीस यांच्या गटाने ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांसोबत याचा नेमका मार्ग शोधला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो असा. तांबं या जीवाणूला थोडं हवं असतं, जास्त झालं तर ते विष. जास्तीचं तांबं पेशीबाहेर ढकलायला त्याच्याकडे एक पंप आहे. सोन्याच्या सान्निध्यात मात्र तांबं आणि सोनं दोन्ही एक-धन रूपात, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत, पेशीत घुसतात आणि सोनं त्या पंपालाच अडवून धरतं. तांबं आत साचू लागतं. आता पेशी मरायला हवी. पण जीवाणू दुसरं एक प्रथिन कामाला लावतो. ते प्रथिन पेशीच्या दोन पडद्यांमधल्या जागेत असतं. ते तांब्याला आणि सोन्याला पुन्हा अशा रूपात आणतं की ती पेशीत सहज शिरू शकत नाहीत. सोनं तीन-धन होतं आणि बाहेरच्या अंगाला त्याचे धातूचे कण बनून बसतात. तांबंही आटोक्यात राहतं. म्हणजे तांब्यासाठी घडलेली जुनी यंत्रणा सोन्याच्या संकटात कामी आली आणि सोन्याचा कण हा त्या बचावाचा उरलासुरला साका आहे. मला हे वाचताना जो आनंद झाला तो त्या खोट्या मेसेजमधल्या कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठा होता.

दुसरा एक जीवाणू याहून हुशारीने वागतो: 'डेल्फ्टिया अ‍ॅसिडोव्होरन्स'. हाही सोन्याच्या कणांवर सापडतो. तो सोनं आत येऊच देत नाही. पेशीबाहेर एक छोटा रेणू सोडतो, तो विरघळलेल्या सोन्याला धरतो आणि तिथल्या तिथे धातू करून बसवतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हा रेणू वेगळा काढला, त्याला डेल्फ्टिबॅक्टिन म्हणतात. तो रेणू बनवणारं जनुक काढून टाकलं तर जीवाणूला सोन्याचा त्रास होतो, यावरून त्याचं काम काय ते नक्की झालं. आम्ल नको, भट्टी नको, साध्या तापमानाला सोनं बसतं. आणि विषमज्वराच्या जंतूचा भाऊबंद असलेल्या एका साल्मोनेलामध्ये सोनं ओळखणारं स्वतंत्र प्रथिन आहे. पाण्यात अगदी थोडं सोनं असलं तरी ते जागं होतं. अशा प्रथिनांना चमकणाऱ्या रेणूची जोड देऊन सोनं हुडकणारे जैवसंवेदक बनवता येतात. खाणीचा शोध घेताना मातीचे हजारो नमुने तपासावे लागतात, तिथे त्यांचा उपयोग होऊ शकतो.

इथे एक मर्यादा सांगणं मला गरजेचं वाटतं. निसर्गातली सोन्याची मोठी ढेकळं जीवाणूंनीच घडवली, असं यावरून ठरत नाही. ऑस्ट्रेलियातली मोठी ढेकळं कापून तपासली तेव्हा त्यांची आतली स्फटिकरचना जमिनीत खोलवर, उष्णतेत बनलेल्या सोन्याची निघाली. जीवाणूंचं काम ठळक दिसतं ते कणांच्या पृष्ठभागावर आणि अगदी सूक्ष्म कणांत. ते सोनं विरघळवण्यात आणि पुन्हा बसवण्यात भाग घेतात. ढेकूळ किती त्यांचं आणि किती भूगर्भातल्या गरम पाण्याचं, यावर भूवैज्ञानिकांत मतभेद आहेत.

'शेतातल्या मातीत, कृष्णेच्या वाळूत सोडा, सोनं गोळा होईल'

मेसेजमधला हा भाग खास आपल्या भागासाठी घातलेला दिसतो. तेव्हा आपल्याच दगडावर बोलू. सातारा आणि सांगलीखालचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पत्थर, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला कोयना मिळते, पुढे ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा. या सगळ्या नद्या सांगलीपर्यंत मुख्यतः याच खडकावरून वाहतात, त्यामुळे वाळूतही त्याचाच चुरा.

सोन्याचे साठे याच्या आसपासही नाहीत, ते दक्षिणेला कर्नाटकात आहेत. कोलार आणि रायचूर जिल्ह्यातलं हट्टी, दोन्ही 'धारवाड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतले. तिथे भूगर्भातल्या गरम पाण्याने भेगांमध्ये सोनं आणून ठेवलं. कोलारच्या खाणीने २००१ मध्ये बंद होईपर्यंत १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं, पण त्यासाठी माणसं तीन किलोमीटरहून खोल उतरली.

बेसॉल्टमध्ये सोनं अजिबात नसतं असं नाही. जगातल्या कोणत्याही सामान्य खडकात असतं तसं, टनाला दोन-चार मिलिग्रॅम. आता हिशेब करा. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, वजन अंदाजे साडेचार टन. टनाला चार मिलिग्रॅम धरलं तरी पूर्ण ब्रासमध्ये १८ मिलिग्रॅम. एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे ब्रासभर वाळूत गुंजेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेही खनिजांच्या दाण्यांच्या आत अडकलेलं. विरघळलेलं नाही म्हणून जीवाणूला ते दिसणारही नाही. सोनं बसवणारा जीवाणू आणि दगड फोडून सोनं काढणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज त्या एक करून टाकतो.

समुद्राच्या पाण्यातलं सोनं काढायची कल्पनाही अशाच हिशेबावर फसली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची युद्धभरपाई फेडता यावी म्हणून फ्रिट्झ हाबर या नोबेल मिळालेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात जहाजावर प्रयोगशाळा थाटून समुद्राचं पाणी तपासलं. आधीच्या आकड्यांवरून जेवढं सोनं अपेक्षित होतं त्याच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढंच निघालं. त्याने मोजलं आणि काम थांबवलं. आपल्याकडे वाळूत कल्चर ओतण्याआधी कुणीही मोजायला सांगत नाही.

'खाणवाले हे गुपचूप वापरतात'

गुपचूप काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून जीवाणू कामाला आहेत, घानातल्या ओबुआसीत १९९४ मध्ये याचाच मोठा प्रकल्प उभा राहिला. खाणकामाच्या पुस्तकांत हे शिकवलं जातं. पण तिथे जीवाणू जे करतात ते मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्या नेमकं उलट आहे. काही धातुकांमध्ये, म्हणजे खाणीतल्या सोनं असलेल्या दगडांमध्ये, सोन्याचे अतिसूक्ष्म कण पायराइट आणि आर्सेनोपायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजांच्या आत कोंडलेले असतात. सायनाइड तिथपर्यंत पोचत नाही. लोखंड आणि गंधक यांच्या ऑक्सिडेशनवर जगणारे जीवाणू मोठ्या टाक्यांमध्ये चार-सहा दिवस ठेवले की ते त्या खनिजाचं कवच विरघळवतात. सोनं उघडं पडतं आणि मग नेहमीच्या सायनाइडने काढलं जातं. जीवाणू इथे सोन्याला हातही लावत नाहीत. शिवाय सुटलेलं आर्सेनिक पक्कं बसवून ठेवण्याचा मोठा खर्च येतो तो वेगळाच.

खरी आशा मला वाटते ती इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात. चांगल्या सर्किट बोर्डांमध्ये टनाला दोनशे ग्रॅमच्या घरात सोनं असू शकतं, खाणीतल्या धातुकात ते बहुतेकदा काही ग्रॅमच असतं. आधी रसायनाने सोनं विरघळवायचं आणि मग जीवाणूंच्या पेशींवर ते गोळा करायचं, या वाटेने न्यूझीलंडमधली मिंट इनोव्हेशन ही कंपनी गेली आहे. गलाईच्या दुकानातल्या धुवणाच्या पाण्यातही सोन्याचा अंश जातो. झारेकरी सोनारांच्या केरातून सोनं काढत आले, ते त्यात सोनं होतं म्हणूनच. त्या पाण्यासाठी उद्या असे जीवाणू उपयोगी पडतील का? पडू शकतील. पण आज जस्ताची भुकटी आणि हिराकस स्वस्त आहे, तासाभरात काम करते आणि तिला जिवंत ठेवावं लागत नाही. उरलेल्या तांब्याचं आणि आम्लाचं काय करायचं हा प्रश्न दोन्हींकडे तसाच राहतो. आपल्या व्यवसायाने त्या सांडपाण्याकडे लक्ष द्यायला हवं, हे माझं मत आहे.

'सोनं कवडीमोल होईल, गलाई बुडेल'

जगात दरवर्षी खाणींतून साडेतीन हजार टनांच्या आसपास सोनं निघतं आणि आजवर काढलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं माणसांकडे आहे. जीवाणू नवा अणू घालत नाहीत, त्यामुळे त्यांनी हा साठा फुगणार नाही. फेअरव्ह्यूत जीवाणू येऊन चाळीस वर्षं होत आली आणि सोन्याचा भाव कुठे आहे ते सगळ्यांना दिसतंय. भाव पडणार म्हणून घाईने घरातले डाग मोडायला सांगणारा मेसेज असेल तर तो कोणाच्या फायद्याचा आहे ते विचारा.

'कल्चर घरपोच मिळेल'

सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटते. पहिली गोष्ट पैशाची. विकणाऱ्याला सांगा की ओतण्याआधी माझ्या पाण्याचा नमुना एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेतून तपासून घेतो, नंतरचाही तपासतो. घरच्या घरीही ढोबळ खात्री होते. द्रावणात कथिलाच्या क्लोराइडचा थेंब टाकला आणि जांभळा-काळपट रंग आला तर सोनं आहे. रंगच आला नाही तर कल्चरने काढायला तिथे फारसं काही नाही. तोच विक्रेता प्रात्यक्षिक दाखवत असेल तर त्याचं द्रावण, त्याची बाटली, त्याचं पाणी काहीही वापरू देऊ नका. सोन्याचं क्लोराइड आधीच टाकून ठेवलेल्या पाण्यातून सोनं काढून दाखवणं कोणालाही जमेल.

दुसरी गोष्ट जिवाची. अशा मेसेजमध्ये सोनं विरघळवणारा म्हणून 'क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम' या जांभळ्या जीवाणूचंही नाव येतं. तो सायनाइड बनवतो, त्यामुळे सोनं विरघळवतो हे खरं आहे आणि त्यावर संशोधनही चालू आहे. पण जखमेवाटे तो अंगात गेला तर क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा संसर्ग होतो. तो पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या बादलीत वाढवायची गोष्ट नाही. आणि कल्चरला 'खायला' म्हणून घरात आम्लराज बनवायला सांगत असतील तर ठाम नकार द्या. नायट्रिकचा तो तांबूस धूर छातीत गेल्यावर लगेच फार त्रास होत नाही, खोकला येऊन थांबतो, माणूस घरी जाऊन झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. गलाईच्या कारागिरांना हे माहीत असतं, नव्याने नाद लागलेल्या पोरांना नसतं. असा धूर कुणाच्या छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना नायट्रिकचा धूर होता हे स्पष्ट सांगा.

ज्यांनी या नंबरवर आगाऊ पैसे पाठवले आहेत त्यांनी लाजेपोटी थांबू नये. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, बँकेचं नाव आणि मेसेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.